कोमट शिट्ट्या

शिट्ट्यांच्या कारखान्यात कुजबुज ऐकू यायला लागली की खुशाल समजावं, काहीतरी बिघडलंय. त्या सोमवारी कानसेनबाई अकरा आठवड्यांच्या रजेनंतर कामावर आल्या आणि दारातच थबकल्या, कारण आतून चक्क कुजबुज येत होती. पत्रा कापायच्या प्रेसखाली पोती अंथरली होती. डाख देणाऱ्या दोघीजणी हातातले चिमटे अशा बेताने खाली ठेवत होत्या, जसं काही शेजारी तान्हं मूल झोपलंय. आणि फोरमन, ज्यांनी एकदा हाक मारल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या हातून वस्तरा पडला होता असं म्हणतात, ते पुढे येऊन हळूच म्हणाले, "या. बसा. पाणी आणू?"

सतरा वर्षांत फोरमननी त्यांना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. "उगवलात एकदाच्या," हेच त्यांचं रोजचं स्वागत, आणि ते ऐकल्याशिवाय बाईंना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

आता बाईंचं काम काय, ते सांगायला हवं. या कारखान्यात पितळी शिट्ट्या बनतात. पंचांच्या, पोलिसांच्या, कवायत घेणाऱ्या मास्तरांच्या. पत्रा कापून, वळवून, सांधा जोडायला डाख देऊन, आत बुचाची गोळी घालून शिट्टी तयार झाली की ती बाईंच्या टेबलावर येते. टेबलावर हवेची नळी, पायाखाली पेडल. शिट्टी नळीला लावायची, पेडल दाबायचं आणि ऐकायचं. चांगली असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, वाईट असेल तर लाल डब्यात. शंभरात पाच-सहा वाईट निघायच्याच. काम सांगायला सोपं, पण बाईंच्या आधी त्या खुर्चीवर तिघेजण बसून गेले होते आणि तिघांनाही आठवड्याभरात सगळ्या शिट्ट्या सारख्याच ऐकू यायला लागल्या होत्या. बाईंना मात्र गोळी कुठे घासतेय, डाख कुठे सुटलाय, हे कळायचंच. शिवाय तो डाख दोघींपैकी कुणी दिलाय आणि देताना तिचं सासूशी भांडण झालं होतं का, हेही कळायचं. म्हणून त्या कानसेनबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते बघायला कुणी गेलं नव्हतं.

मग कुठल्याशा स्पर्धांसाठी चाळीस हजार शिट्ट्यांची ऑर्डर आली, नऊ दिवसांत द्यायची. तिसऱ्या दिवशी बाई फोरमनना म्हणाल्या, "जमत नाहीये." फोरमन म्हणाले, "तुम्हाला नाही जमणार तर कुणाला जमणार?" पाचव्या दिवशी बाई परत म्हणाल्या. फोरमननी परत तेच उत्तर दिलं, फक्त जाता जाता. घरी गेल्यावरही शिट्ट्या थांबेनात. जेवताना शिट्टी, आंघोळीला शिट्टी, उशीखाली शिट्टी. आठव्या दिवशी बाई जिन्यात बसल्या आणि रडायला लागल्या. मुठीत एक वाईट शिट्टी होती. तास झाला तरी रडणं थांबलं नाही, आणि थांबलं तेव्हा त्यांना उठता येईना. मनाच्या डॉक्टरांनी औषध दिलं, रजा दिली. पहिले तीन आठवडे त्या नुसत्या झोपल्या, पुढचे काही नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या, आणि मग एका सकाळी नळ गळतोय हे ऐकून त्यांना त्याचा राग आला. डॉक्टर म्हणाले, राग आला ना, म्हणजे आता बरं वाटायला लागलंय.

त्यांच्या परत येण्याआधी मुख्य ऑफिसातून कर्मचारी कल्याण विभागाच्या मॅडम येऊन गेल्या होत्या. मॅडम शहाण्या होत्या. रजेवरून आलेल्या सहकाऱ्याशी कसं वागावं हे त्यांनी पाऊण तास समजावलं आणि एक सूचनापत्रक दिलं. फोरमननी ते फळ्यावर चार टाचण्यांनी ठोकलं, आणि सगळ्यांनी ते इतक्या वेळा वाचलं, जितक्या वेळा त्यांनी शाळेत एखादं पुस्तक वाचलं असतं तर आज ते शिट्ट्या करत बसले नसते.

'आवाज कमी ठेवा' असं पत्रकात होतं, म्हणून पोती आली. 'शब्द जपून वापरा' असंही होतं. कुठले शब्द ते लिहिलं नव्हतं, तेव्हा फोरमननी स्वतःच यादी केली. डोकं, वेड, ताण, प्रेशर, आणि खबरदारी म्हणून 'सुट्टी'. आता जिथे काम हवेवर चालतं, तिथे प्रेशर हा शब्द दिवसातून दोनशेदा लागतो. सोमवारी दुपारी नळीतली हवा कमी झाली तेव्हा पॅकिंगवाला धावत आला. याच्या तोंडात सदोदित पेपरमिंट असे, म्हणून त्याला सगळे पेपरमिंटच म्हणत. बाईंसमोर त्याची गाडी अडली. "साहेब, हवेचं ते... हवेची हिंमत खचलीय."

"मग तिला धीर दे," फोरमन गंभीरपणे म्हणाले.

बाईंना हसू येत होतं, पण त्या हसल्या की सगळे एकमेकांकडे असे बघत, की हसू आतल्या आत विरून जाई. संध्याकाळी पेपरमिंट त्यांना सांगत होता की आज त्याचं मानेच्या वर फार दुखतंय. बाईंनी नुसती मान हलवली.

हेही चाललं असतं. माणसं येडबंबू आहेत पण आपली आहेत, असं म्हणून बाईंनी सोडून दिलं असतं. खरी गोष्ट वेगळीच होती. सोमवारी त्यांना तीनशेच शिट्ट्या दिल्या होत्या, हलकं काम म्हणून. तीनशेच्या तीनशे चांगल्या निघाल्या. बाईंना वाटलं, वा, दोघींचा हात सुधारला. मंगळवारी तीनशे, सगळ्या चांगल्या. बुधवारी सकाळी बाईंनी लाल डब्याकडे पाहिलं. डबा धुवून पुसून ठेवल्यासारखा रिकामा होता. सतरा वर्षांत तो डबा कधी सलग दोन दिवस रिकामा राहिला नव्हता.

शिट्ट्या हाताला कोमट लागत होत्या, तेवढंच एक नवीन. डाखाच्या आगीची ऊब असेल, असं बाईंनी धरून चाललं. मधूनच पेपरमिंटचा वासही येई, पण तो माणूस जिथून जाईल तिथे वास ठेवूनच जायचा.

बुधवारी तीनशे चांगल्या निघाल्यावर बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. शिट्ट्या कधी इतक्या चांगल्या नसतात. माणसंही नसतात. म्हणजे दोष शिट्ट्यांत नाही, आपल्या कानात आहे. आधीच्या तिघांना जसं सगळं सारखं ऐकू यायला लागलं होतं, तसंच आपल्यालाही झालं. औषधाने कानावर काही होणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण डॉक्टरांनी कधी शिट्टी तपासली होती? बाईंना भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलासारखी भीती. झोप गेली होती ती परत आली, भूक परत आली, आणि ज्याच्यावर आपण उभ्या होतो ते मात्र कुठेतरी वाटेत पडलं.

घरी त्यांचे यजमान चहा करत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून 'हे बरं की हे?' विचारल्यामुळे त्यांना बोलण्याची दुसरी पद्धतच राहिली नव्हती.

"अहो, माझा कान तपासा," बाई म्हणाल्या.

यजमानांनी चहा बाजूला ठेवला, कपाटातून दोन काचेचे पेले काढले, बाईंना पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि चमच्याने एकेक वाजवला. "पहिला स्पष्ट की दुसरा?"

"सारखेच वाटतायत."

"नीट ऐक. घाई नाही. पहिला? की दुसरा?"

"सारखेच आहेत हो." बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"उत्तम," यजमान म्हणाले, कारण गिऱ्हाईक रडवेलं झालं की ते नेहमी उत्तमच म्हणत. पेले एकाच सेटमधले आहेत, एकाच साच्यातून निघालेले, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातही आलं नाही. बाई आतल्या खोलीत जाऊन रडल्या, आणि यजमानांनी दाराबाहेरून दोनदा विचारलं की चहा आत्ता बरा की नंतर.

गुरुवारीही तीनशे चांगल्या. शुक्रवारी अकरा वाजता कल्याण विभागाच्या मॅडम पहिल्या आठवड्याची विचारपूस करायला येणार होत्या. बाईंनी रात्रीच ठरवून टाकलं. मॅडम येण्याआधी फोरमनना गाठायचं आणि सांगायचं, मला पॅकिंगला टाका, माझा कान गेला. एका खोट्या खुर्चीवर बसून पंचांच्या हातात मुक्या शिट्ट्या द्यायच्या नाहीत. रडायचं नाही, एवढं वाक्य सरळ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. साडेदहाला त्या उठल्या आणि वाक्य पुटपुटत फोरमनच्या केबिनपाशी गेल्या.

दार बंद होतं. बाईंनी टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला. फार दबलेला, कशाच्या तरी खालून आल्यासारखा. पण होती ती शिट्टीच.

"फेक," आतून फोरमन म्हणाले.

"ती चांगली आहे," बाई बाहेरून म्हणाल्या. म्हणायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"हो बाई," आतून पेपरमिंट म्हणाला. आठ वर्षांची सवय. दुसरी शिट्टी वाजली.

"वाईट. गोळी डाव्या अंगाला घासतेय."

"हो बाई." तिसरी वाजली.

"चांगली. पण वाजवतोस किती थुंकी घालून."

"सॉरी बाई." चौथी अर्धीच वाजली आणि थांबली.

बाईंनी दार ढकललं. फोरमन, पेपरमिंट आणि वॉचमन असे तिघे जमिनीवर बसले होते. तिघांच्या डोक्यावरून वॉचमनचं एकच ब्लँकेट, त्यातून तीन लालबुंद तोंडं बाहेर आलेली. गाल असे सुजलेले, की दाढदुखीची साथ आलीय असं वाटावं. पलीकडे चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत शिट्ट्या उकळत होत्या. टेबलाखाली एक पोतं होतं, आणि त्यावर फोरमनच्या अक्षरात 'वाईट' लिहिलं होतं. बाईंनी पोत्यात हात घातला, एक शिट्टी काढली, कपड्याने पुसली, फुंकली. चांगली. दुसरी फुंकली. चांगली.

सगळा उलगडा व्हायला त्यांना फार वेळ लागला नाही. हे तिघे रोज सकाळी सहाला येत होते. बाईंच्या टेबलावर जाणाऱ्या शिट्ट्या आधी तोंडाने तपासत, जरा शंका आली की पोत्यात टाकत, उरलेल्या उकळून पुसून बाईंपुढे ठेवत. आज उशीर झाला होता, कारण सकाळीच फुंकता फुंकता वॉचमनला चक्कर आली होती. चार दिवसांत शंकेपोटी चारशे शिट्ट्या बाद झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चांगल्या होत्या.

"कशाला?" बाईंनी विचारलं.

फोरमन ब्लँकेटमधून उठले. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक शिट्टी बाहेर काढली. बाईंनी ती लगेच ओळखली. डाख सुटलेली. जिन्यातली. "तुम्हाला गाडीत बसवताना ही तुमच्या मुठीतून सोडवली मी," फोरमन हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, हिनेच झालं सगळं. पत्रकात आहे, ज्याचा त्रास झाला ते दूर ठेवा. म्हणून ठरवलं, तुमच्या टेबलावर वाईट शिट्टी म्हणून येऊ द्यायची नाही."

यावर बाईंना भडभडून यायला हवं होतं, आणि नंतर घरी गेल्यावर आलंही. पण त्या क्षणी त्यांना आला तो संताप, चांगला सणसणीत, अकरा आठवड्यांतला पहिला मोठा.

"चार दिवस मी बहिरी झाले म्हणून रडतेय," त्या म्हणाल्या. "खुर्ची सोडायला आले होते मी आत्ता. तुम्ही माझे कान काढून पोत्यात भरलेत आणि वर 'वाईट' लिहिलंत. वाईट शिट्ट्यांनी मला काय केलंय? त्यांच्यासाठीच तर मला इथे बसवलंय. सगळ्या चांगल्या असत्या तर माझं काय काम?"

"मग झालं कशाने?" पेपरमिंटने विचारलं. तो अजून जमिनीवरच होता.

"चाळीस हजारांनी झालं. नऊ दिवसांनी झालं. मी तिसऱ्या दिवशी म्हटलं, जमत नाहीये. पाचव्या दिवशी म्हटलं. सगळ्यांचे कान तेव्हा कुठे होते? शिट्टी कुठे घासतेय ते मी ब्लँकेटच्या आतून ऐकते, आणि मी घासले जातेय ते तुम्हाला समोरासमोर ऐकू आलं नाही."

फोरमननी हातातली डाख सुटलेली शिट्टी टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, "ऐकू आलं होतं. मी ऐकलं नाही." आणि ते खाली बघायला लागले.

अकराला मॅडम आल्या तेव्हा किटली अजून गरम होती, म्हणून त्यांना चहा विचारण्यात आला आणि आत शिट्ट्या आहेत हे आठवून ताबडतोब मागेही घेण्यात आला. सगळी हकीकत ऐकून मॅडम टेबलाची कडा धरून बसल्या. त्या हसतायत की काय, ते कळत नव्हतं. मग म्हणाल्या, "दहावी सूचना वाचली नाही का तुम्ही?"

"सूचना नऊच आहेत," फोरमन म्हणाले. त्यांना पाठ होत्या.

मॅडम उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि चारही टाचण्या काढून पत्रक उलटं केलं. पाठीमागे ठळक अक्षरात एकच ओळ होती. वरच्या नऊ सूचनांपैकी काहीही करण्याआधी त्या व्यक्तीलाच विचारा, तिला काय हवंय.

पेपरमिंटने पत्रक हातात घेऊन दोनदा उलटसुलट केलं, पाठीला अजून एखादी पाठ निघते का ते बघायला.

मग बाईंना विचारण्यात आलं, आणि त्यांनी सांगितलं. महिनाभर अर्धा दिवस. शिट्ट्या जशा बनतील तशाच यायच्या, न फुंकलेल्या, न उकळलेल्या. डाख देणाऱ्या दोघींपैकी धाकटीचा कान बरा आहे, तिला आठवड्यातून दोन दिवस शेजारी बसवायचं, म्हणजे पुन्हा चाळीस हजार आल्या तर एकाच माणसाच्या उशीखाली जाणार नाहीत. दुपारी फोन करून यजमानांना सांगायचं की पेले एकाच सेटमधले होते. आणि पोती काढायची. "आणि साहेबांनी नीट बोलायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "असं कुजबुजतात की मला वाटतं मी गेलेय आणि हे पाहुण्यांना बसवतायत."

पाऊण तासाने बाई आपल्या खुर्चीवर होत्या. पोत्यातल्या चारशे शिट्ट्या पहिल्यांदा हातावेगळ्या करायच्या होत्या, कारण त्यांच्यासाठी टेंपो येणार होता. पेडल दाबलं. चांगली, चांगली, चांगली. सातवी शिट्टी किंचित चिरकली. बाईंनी ती पुन्हा वाजवून पाहिली नाही. सरळ लाल डब्यात टाकली. रिकामा डबा टणकन वाजला आणि सगळ्या कारखान्यातले हात थांबले. डाख देणाऱ्या धाकटीने डोळे पुसले, मोठी म्हणाली की शिट्टी तिची नव्हती. ती तिचीच होती, आणि ती केली त्या सकाळी तिचं सासूशी भांडण झालेलं होतं.

एक वाजायच्या सुमाराला बाई थांबल्या. कानात गुणगुण सुरू झाली नव्हती, पण ती कुठून सुरू होते ते दार त्यांना आता ओळखू येत होतं. त्यांनी पेडलवरून पाय काढला. "दमले मी," त्या म्हणाल्या. "आज एवढंच."

दीडशे शिट्ट्या राहिल्या होत्या. बाहेर टेंपो येऊन उभा होता. पेपरमिंट खोकं घेऊन आला आणि लाडीगोडीने म्हणाला, "बाई, दीडशेच तर आहेत. तुम्हाला नाही जमणार तर कुणाला..."

"त्या दमले म्हणाल्या!" फोरमन दुसऱ्या टोकाकडून कडाडले. "कान फुटलेत का तुझे? टेंपोला सांग, उद्या ये. प्रेशर बंद कर!"

खिडकीची तावदानं हलली. पलीकडच्या गल्लीत न्हाव्याच्या हातून काय पडलं ते कळायला मार्ग नाही. बाईंनी तो आवाज शेवटपर्यंत नीट ऐकला, हिरव्या ट्रेकडे बोट दाखवून 'पास' म्हणाल्या, आणि पर्स उचलून घरी निघाल्या.